उजव्या हाताचं अवलक्षण

ती. वर्लामावशीस,

आयडाहोच्या बर्फात रुतलेल्या तुझ्या भाचीचा, म्हणजे नेड्राचा, साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे नुसतं लिहायची पद्धत म्हणून नाही. काल सकाळीच मी मागच्या पायरीवरून आठही अंगांनी खाली आले. हातातली अंडी मात्र वाचली.) तुझे दोन्ही नवे गुडघे काय म्हणतात? आई सांगत होती की तू सेंट जॉर्जच्या उन्हात रोज दोन मैल चालतेस आणि भेटेल त्याला व्रण दाखवतेस. दाखव बाई, ज्याने त्याने आपापलं वैभव दाखवावं. पत्राला तीन महिने उशीर झाला, त्याबद्दल रागावू नकोस. रागवायचंच असेल तर पुढचं वाचून रागाव, कारण जास्त सबळ आहे.

इकडे आम्ही सगळे मजेत. मजेत म्हणजे धावपळीत. आपल्या घराण्यात दोन्हीचा अर्थ एकच. हायरम धर्मप्रचाराच्या मिशनवर पॅराग्वेत आहे आणि खूश आहे. दर सोमवारी त्याचं ईमेलवर पत्र येतं, त्यात देवाबद्दल चार ओळी असतात आणि जेवणाबद्दल चाळीस. मारेनला सोळावं लागलं. ती पहाटे पावणेसहाला धर्मवर्गाला जाते आणि तिथे उघड्या डोळ्यांनी झोपते, असं तिच्या शिक्षकांचं म्हणणं. जुळ्यांनी गेल्या सोमवारी घरच्या प्रार्थनेनंतरचा पाठ स्वतः घ्यायचा हट्ट धरला. विषय होता सहनशीलता. आधी कोण बोलणार यावरून दोघं गादीवर लोळेपर्यंत भांडली आणि पाठ तिथेच संपला. शेंडेफळ टीग तीन वर्षांचा झाला, आणि त्याचा नेम फार चांगला आहे. हे नीट लक्षात ठेव, मावशी, कारण सगळं रामायण त्या नेमावरून झालं. आणि नवरोबा गार्न अजूनही आपल्या चर्चच्या इथल्या मंडळीचा, म्हणजे वॉर्डाचा, चिटणीस. म्हणजे दर रविवारी तो सभेत वर व्यासपीठावर बसून शांतपणे डोकी मोजतो, आणि मी खाली बाकावर त्यातली चार डोकी एकटीने आवरते.

तर झालं असं. फेब्रुवारीचा शेवटचा रविवार. बिशपांचे एक सहायक उठले आणि नेमणुका वाचायला लागले. बालवर्गाच्या प्रमुख म्हणून सिस्टर कॉर्लिस बेकस्टेड. कॉर्लिस म्हणजे आमची शेजारीण, तुझ्या लग्नाच्या वाढदिवसाला जिने शिडीवर चढून पताका लावल्या होत्या तीच. अकरा वर्षांत आमच्या दोन घरांच्या मधलं कुंपण आम्ही कधी दुरुस्त केलं नाही, कारण येण्याजाण्याला सोयीचं पडतं. मारेनला आणि तिच्या मुलीला पहाटे सोडायला मंगळवार-गुरुवार ती जाते, बाकीचे दिवस मी. मंगळवारी तिचा हॉर्न वाजला की आमचं घर उठतं. अशी ही कॉर्लिस. सहायक म्हणाले, पाठिंबा असेल त्यांनी उजवा हात वर करा. सगळ्यांनी केला, मीही केला. मग ते म्हणाले, विरोध असेल त्यांनीही तीच खूण करावी, आणि उत्तराची वाट न बघता पान उलटायला लागले. बरोबरच आहे. आपल्यात त्या प्रश्नाला कधी कुणी उत्तर दिलंय? गेली चाळीस वर्षं मी तो प्रश्न ऐकते आहे, आणि त्या दोन सेकंदांत लोक खोकून घेतात.

नेमक्या त्या दोन सेकंदांत टीगने आपली लोखंडी मोटार पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या ब्रदर क्रिस्टेन्सनांच्या टकलावर फेकली, आणि ती अडवायला माझा हात वर गेला. उजवा. चांगला कोपरासकट.

मावशी, अशी शांतता मी फक्त आपल्या चर्चच्या मंदिरात ऐकली आहे. सगळ्या बाकांवरची पोरं कोरडे पोहे खायची थांबली. (कॉर्नफ्लेक्सच, पण चघळताना आवाज पोह्यांसारखाच येतो.) सहायकांनी उलटलेलं पान परत उलटलं. अडीचशे माणसांनी माना वळवल्या, मारेन बाकावरून घसरत घसरत जवळजवळ जमिनीवर गेली, आणि वर माझा नवरा, वॉर्डाचा चिटणीस, हातात पेन धरून माझ्याकडे बघत होता. नोंद करणं त्याचं काम. त्याने केली. ‘विरोध: एक’ असं लिहून पुढे स्वतःच्या बायकोचं नाव लिहिलं, आणि ते वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं. हे मी त्याला अजून माफ केलेलं नाही. त्याचं अक्षर एरवी कुणाच्या बापाला लागत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता लोकांनी काय समजावं? लोकांनी जेलीचं समजलं. तुला जेलीचं माहीत नसेल. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वॉर्डाचं जेवण होतं. मी गाजराचा कीस घातलेली हिरवी जेली नेली होती, आजीच्या साच्यातली, आणि कॉर्लिसने ती उचलून टेबलाच्या टोकाला पाण्याच्या जगांमागे ठेवली. जागा नव्हती म्हणे. मी चकार शब्द काढला नाही. (फक्त अकरा जणींना सांगितलं.) त्यामुळे सभा सुटायच्या आत सगळ्या वॉर्डाचं ठरलं होतं की नेड्राने गाजराचा सूड उगवला. मला भेटायला आलेल्या दोन बायकांनी तर माझा हात दाबून, जेली चांगलीच झाली होती गं, असं हळूच सांगितलं.

रीत अशी, की विरोध करणाऱ्याला बिशप खोलीत बोलावून कारण विचारतात. बिशप होल्मग्रेन आठवडाभर बटाट्याच्या शेतात असतात आणि बोलण्यापेक्षा ट्रॅक्टर चालवण्यात त्यांना जास्त गती आहे. त्यांनी नियमांचं पुस्तक समोर उघडून ठेवलं होतं, ते पान बहुधा पहिल्यांदाच उघडत होतं.  त्यांनी विचारलं, की सिस्टर बेकस्टेड यांच्या हातून काही पातक घडल्याचं मला माहीत आहे का. मी मोटारीची हकिकत सांगितली. ते इतके सुटल्यासारखे हसले की त्यांनी मला ड्रॉवरमधली गोड गोळी दिली. मीही सुटले, असं मला वाटलं. पण बाहेर येऊन बघते तर कॉर्लिस कुणाशीही न बोलता मागच्या दाराने घरी गेली होती.

पुढचे चार दिवस मी विचारू नकोस कसे काढले. फोन केले, उचलले नाहीत. मंगळवारी पहाटे ती गाडी घेऊन आली, पण हॉर्न वाजवला नाही. नुसती दिवे लावून बसून राहिली, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बघत राहिले. तळघरातला गहू दळून मी तीन पाव भाजले आणि मारेनबरोबर पाठवले. पाव आत गेले, निरोप बाहेर आला नाही. हायरमचं पॅराग्वेहून पत्र आलं, त्यात जेवणाचा एक शब्द नव्हता. आई, तू कुणाला विरोध केलास, एवढंच. (ही बातमी तिथे कुणी पोचवली ते मला माहीत आहे, आणि तिला तू लहानपणापासून ओळखतेस.) मला खरंच वाटायला लागलं, मावशी, की अकरा वर्षांची मैत्रीण गेली. मुलांची धुणी घडी करता करता रडू यायचं, आणि मोजे परत ओले व्हायचे.

गुरुवारी दुपारी कॉर्लिस कुंपणातून आली. हातात माझं पावाचं भांडं, त्यात तिचा बटाट्याचा भात. रिकामं भांडं परत करायचं नसतं, भांडण असलं तरी. धुण्याच्या ढिगाशेजारी खुर्ची ओढून बसली. मी काही बोलायच्या आत तिने सुरुवात केली. तिची आई गेल्या सप्टेंबरपासून तिच्याकडे आहे हे मला ठाऊक होतं. पण म्हातारी दिवसातून चार-चार वेळा कोट न घालता बर्फात निघून जाते, कॉर्लिस दाराला घंटा बांधून झोपते, आणि नवरा महिन्यातले तीन आठवडे कामासाठी वायोमिंगला असतो, यातलं ती कुणाला बोलली नव्हती. आणि बिशपनी बालवर्गाचं विचारलं तेव्हा ती हो म्हणाली होती. आपल्यात चर्चच्या कामाचं बोलावणं मागायचं नसतं आणि नाकारायचंही नसतं. घरी येऊन ती गाडीतच बसून रडली.

“अख्ख्या वॉर्डाने हात वर केले, नेड्रा,” ती म्हणाली, “सगळे माझ्या डोक्यावर ओझं ठेवायला. तुझा एकटीचाच उतरवायला. चार दिवस तोंड दाखवलं नाही, कारण तुला बघितलं असतं तर मी मोठ्याने रडले असते. तुला कसं गं कळलं?”

मी तोंड उघडलं. टीगची मोटार जिभेच्या टोकावर होती. आणि तोंडातून काय बाहेर पडलं, मावशी? “अगं, शेजारी राहते ना मी. दिसतं की.” झालं. दोघी धुण्याच्या ढिगात डोकं घालून रडलो, आणि तो भात मी चमच्याने भांड्यातूनच खाल्ला.

कॉर्लिस स्वतःच बिशपांकडे गेली, सगळं सांगितलं, आणि माझ्या कळकळीचं वर्णन असं केलं की बिशप गहिवरले, आणि मोटारीची हकिकत मी शेजारणीची झाकली मूठ राखायला रचली असं त्यांनी ठरवून टाकलं. पुढच्या रविवारी तिला मोकळं केलं आणि तिच्या जागी कोण? (गार्नला हे तीन दिवस आधी माहीत होतं. तीन दिवस तो गप्प बसून माझ्या हातचं जेवला.) माझं नाव वाचलं, हात वर गेले. मग विरोधाचा प्रश्न आला तेव्हा सगळ्या वॉर्डाने वळून माझ्याकडेच बघितलं, गार्नने पेनाचं टोपण काढलं, आणि मी माझ्या उजव्या हातावर बसून होते. आता माझ्याकडे बावन्न मुलं आहेत, त्यांपैकी सहा चावतात. शिवाय मंगळवार-गुरुवार दुपारी कॉर्लिसची आई आमच्याकडे असते. माझे मोजे घडी करते, उलगडते, परत घडी करते, आणि गार्न घरात शिरला की त्याला सांगते, आम्हाला काही विकत घ्यायचं नाही. तो आताशा निमूटपणे मागच्या दाराने येतो.

सर्वांकडून नमस्कार. टीगकडून पापा, तोही नेम धरून.

तुझी,
नेड्रा

ता. क. बालवर्गाची पियानो वाजवणारी मुलगी बाळंतपणाला गेली. तू वाजवतेस. तळघरातले गव्हाचे डबे एका बाजूला करून खाट टाकली आहे, वर जाड गादी, खिडकीला पडदा. एप्रिलपासून बटाटे काढेपर्यंत ये. पियानोला गुडघे लागत नाहीत, मी विचारून घेतलं आहे.

ता. क. दोन. आईला यातलं काही सांगू नकोस. तिला सगळं माहीत आहे. पण तिने सांगायच्या आधी मीच तुला सांगितलं असं तिला कळलं तर माझं काही खरं नाही.

ता. क. तीन. पाकीट चिकटवलं होतं, परत उघडलं. मावशी, मोटार मी डाव्या हाताने आधीच झेलली होती. उजवा हात मी नंतर वर केला, आणि जाणूनबुजून केला. नऊ वर्षं मला ते बोलावणं हवं होतं. मागितलं नाही, मागायचं नसतं हे मला पाठ आहे. नुसती दर वर्षी नावं वाचताना ताठ बसायचे. कॉर्लिसचं नाव ऐकलं आणि मत्सराने माझा हात वर गेला, बाकी काही नाही. तिच्या आईचं मला काहीही दिसलं नव्हतं. कुंपणापलीकडे सहा महिने एक बाई बुडत होती आणि मी जेलीवरून रुसले होते. याची मला फार लाज वाटते. कॉर्लिसला सांगायचं रोज ठरवते. रोज ती संध्याकाळी आईला न्यायला येते, दारात उभी राहून सगळ्यांसमोर म्हणते की नेड्रासारखं मन कुणाचं नाही, आणि माझी वाचा बसते. तिला मी चांगली वाटते, मावशी, आणि आता ती रोज येते म्हणून मला रोज तसंच वागावं लागतंय.