एच दाबलं की चौकोन मधोमध

३ फेब्रुवारी, मंगळवार

सात नंबरच्या मशीनवरचा चौकोन आज आपोआप उजवीकडे पळत सुटला. पोरं म्हणे, "मॅडम, आम्ही हातच लावला नाही." विश्वास नाही. तोंडं बघितली सगळ्यांची. लॅबची झाडपूस बघणाऱ्या मुलाणीमामांनी कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला, तर उजव्या बाणाच्या कळीखालून भडंगाचा शेंगदाणा पडला. "आता न्हाई पळायचा बघा." लॅबमध्ये खायचं नाही अशी पाटी मीच लावलीय. भडंग कोण आणतं ते शोधायचंय.

धडा बरा झाला. स्क्रीनवर दहा वस्तू असल्या तरी कळ दाबल्याचा निरोप एकीलाच मिळतो, त्या वेळी जिच्याकडे लक्ष असेल तिला. आणि त्या वस्तूला ती कळ ओळखीची नसेल, तर गिळून बसायचं नाही. वर पाठवायची, म्हणजे मी दिलेल्या मूळ चौकोनाकडे. तीनदा सांगितलं. निम्म्या जणांनी वही उघडली नव्हती.

गृहपाठ: माझ्या मूळ चौकोनापासून स्वतःची वस्तू करा, बाणांनी हलली पाहिजे, शिवाय एक करामत तुमची. सोमवारपर्यंत.

९ फेब्रुवारी, सोमवार

एकतीस फाइली आल्या. आम्ही ज्यात प्रोग्राम लिहितो त्या स्मॉलटॉकचं हे एक बरं असतं, नुसता कोड येत नाही, पोराचं सगळं दुकान जसंच्या तसं येतं. खिडक्या उघड्या, अर्धवट टाइप केलेला शब्दसुद्धा तिथंच. लपवाछपवी अवघड.

सुजाता कांबळेनं एसटी केलीय. लाल डबा, दोन चाकं, स्पेसबार दाबला की थांबते. पेठ वडगावहून रोज त्याच गाडीनं येते बिचारी, पाच-दहा मिनिटं उशिरा, मागच्या बाकावर बसते, बोलत नाही. हात मात्र चांगला. जानेवारीत तिला सांगितलंय, पुण्याच्या कंपनीला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी एकच नाव द्यायचंय, ते तुझं. घरी सांगितलं म्हणाली, आई रडली म्हणाली.

बस चालवता चालवता माझं बोट चुकून एचवर पडलं. बस उडी मारून पडद्याच्या मधोमध, आणि पिवळी. हे मी शिकवलेलं नाही. पुढं विनायकची फाइल, त्यानं चेंडू केलाय. तिथं मुद्दाम एच दाबलं. चेंडू मधोमध. पिवळा. तोच पिवळा!

मग सगळ्या फाइलींत एच दाबत बसले. बाकी एकोणतीस जणांत काही होत नाही. दोघांतच. कुणी कुणाचं उचललंय?

१० फेब्रुवारी, मंगळवार

सु. चा कोड ओळ न् ओळ वाचला. बाण आहेत, स्पेसबार आहे, बाकी कळा वर पाठवल्यात. एच कुठंच नाही. म्हणजे करून मग पुसलंय किंवा कुठंतरी दडवलंय. हे जास्त वाईट. वि. चंही तसंच, पण त्याचं मी घाईत बघितलं.

तिला बोलावलं.

"हे काय आहे?"

"मला म्हाईत न्हाई मॅडम."

"फाइल तुझी, आणि तुला माहीत नाही?"

खाली बघत राहिली. मग म्हणते, "बघून सांगू?" मी म्हटलं, या फाइलीला आता हात लावायचा नाही. पुरावा आहे तो. पुरावा हा शब्द माझ्या तोंडून कसा आला कोण जाणे. पण आला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वि. ला विचारलं. तो आधी नको नको म्हणाला, मग: "मॅडम, ती माझ्या मशीनवर बसायची कधी कधी. मी काय बोलत नाही कुणाचं." झालं. जुळलं सगळं. मागचा बाक, गप्प बसणं, खाली बघणं.

जेवताना अजितला सांगितलं. तो म्हणतो, "तू पोलिसात भरती व्हायला पाहिजे हुतीस. मास्तरकीत कशाला आलीस?" मग विचारतो, पोरगी काय म्हणते? म्हटलं, काही म्हणत नाही, तेच तर. तो भाकरी मोडत म्हणाला, "तुझ्यासमोर मी तरी कुठं काय म्हणतोय." चिडले. नवऱ्याला काय कळतंय यातलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कंपनीला नाव कळवायची आज शेवटची तारीख, पाच वाजेपर्यंत. तीन वाजता वि. च्या नावाचं पत्र पाठवलं. सु. चे प्रात्यक्षिकाचे गुण राखून ठेवावेत अशी चिठ्ठी विभागप्रमुख देसाईसरांना दिली. सर म्हणाले, "बरं केलंत, वेळीच पकडलंत."

त्याआधी, अडीचच्या सुमारास, सु. दारात उभी होती. आत येत नव्हती. "मॅडम, ते एचचं... एकदा तुमच्या मशीनवर बघता का?" मला कसला राग आला. म्हटलं, "आता मला शिकवणार का तू?" गेली.

जाताना दार हळूच लावून घेतलं तिनं. उगाच लक्षात राहिलंय.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सु. आली नाही. मनात म्हटलं, चोराला तोंड दाखवायचं धाडस होत नसतं.

हे वाक्य तसंच ठेवतेय. खोडणार नाही. बघू दे मला नंतर.

तासाच्या आधी माझ्या मशीनवर मूळ चौकोन लावून ठेवला होता. मुलाणीमामा फडकं घेऊन टेबलं पुसत होते. कीबोर्डवरून फडकं फिरवलं, आणि मागं मोठ्या पडद्यावर चौकोन मधोमध उडी मारून बसला. पिवळा.

"मामा, काय दाबलंत?"

"काय दाबतोय? पुसतोय की."

मी एच दाबलं. चौकोन मधोमध. बाणानं लांब नेला, परत एच. परत मधोमध. 

मूळ चौकोन उघडून बघितला. आतापर्यंत पोरांचे कोड उघडले, हा नाही उघडला. माझाच की तो, त्यात काय बघायचं! तिथं होतं, चार ओळी, एच आलं की मधोमध आण आणि पिवळा कर. ज्यानं लिहिलं त्याची आद्याक्षरं स्मॉलटॉक स्वतःहून वर टाकतं. माझी होती.

मग आठवलं. गेल्या वर्षी कमिटी कॉलेज तपासायला आली होती, तेव्हा ऐन वेळी चौकोन पडद्याबाहेर पळून गेला आणि मी घामाघूम. घाईत या चार ओळी टाकल्या, पुन्हा गेला तर एका बोटात परत आणता यावा म्हणून. कमिटी गेली, ओळी राहिल्या, दुकान जसंच्या तसं सेव्ह झालं, आणि तेच मी एकतीस जणांना पेन ड्राइव्हवरून वाटलं.

मग एकोणतीस जणांत का दिसलं नाही? कारण त्यांनी नको ती कळ गिळून टाकली, वर पाठवलीच नाही. तीनदा सांगूनही. मी सांगितलं तसं करणारे वर्गात दोघंच निघाले, आणि त्या दोघांनाच मी चोर धरलं. दोघांना कुठं, एकीलाच. दोघांच्याही फाइलीत सापडलं तर पहिला संशय तिच्यावरच का गेला? याचं उत्तर मला माहीत आहे. लिहायला हात धजत नाही.

तास कसा घेतला आठवत नाही. मामा जाताना म्हणाले, "मॅडम, ती भडंगाची पुडी तुमच्या ड्रॉवरमधीच हाय बरं का, मुंग्या लागत्यात."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

देसाईसरांकडे गेले. सगळं सांगितलं. सर: "मॅडम, पत्र गेलंय. आता दुसरं पाठवायचं म्हणजे कॉलेजची शोभा. गुणांचं बघू, ते आपल्या हातात आहे." म्हटलं, सर, चूक माझी आहे. सर म्हणाले, "म्हणूनच म्हणतोय, गप्प बसा."

नाही बसले. कंपनीला दुसरं पत्र पाठवलं, काय झालं ते आणि कुणामुळे झालं ते. नाव सु. चं.

वि. ला विचारलं, ती नक्की किती वेळा बसली होती तुझ्या मशीनवर? "एकदा मॅडम. तिचा माउस चालत नव्हता तेव्हा." आणि मग कधी कधी का म्हणालास? कान खाजवत उभा राहिला. त्याला ओरडायचं मनात होतं, पण कुठल्या तोंडानं ओरडणार. मला जे ऐकायचं होतं तेवढंच त्यानं सांगितलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सु. आजही नाही. फोन लावला. मागं बाजाराचा आवाज, कुणीतरी मेथीचा भाव ओरडत होतं.

"सुजाता, ते एचचं... माझ्याच चौकोनात होतं."

"व्हय मॅडम."

"तुला माहीत होतं?"

"गुरुवारी बघितलं. माझ्याकडं तुम्ही दिलेली कॉपी हुती की दुसरी. वर तुमची अक्षरं हुती."

"मग सांगितलं का नाहीस सरळ?"

"आल्ते की मॅडम."

आली होती. अडीच वाजता. पत्र जायच्या अर्धा तास आधी.

म्हटलं, माझं चुकलं गं. खरंच चुकलं. कंपनीला कळवलंय. मग ती: "आईला सांगितलं हुतं मी, नाव निघालं म्हणून. परत न्हाई निघालं म्हणून पण सांगितलं. आता तिसऱ्यांदा काय सांगू?" म्हटलं, शुक्रवारी येशील ना? "बघते की." फोन तिनंच ठेवला, रागानं नाही, नीट "ठेवते मॅडम" म्हणून. राग आला असता तर बरं वाटलं असतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कंपनीचं उत्तर आलं. दीड ओळीचं. तुमच्या दोन पत्रांपैकी कोणतं खरं धरायचं, ते विभागप्रमुखांच्या सहीनिशी कळवा. देसाईसर आज रजेवर. खरंच रजेवर आहेत का, घरी फोन करून विचारावंसं वाटलं. नाही केला. सोमवारी सकाळी त्यांच्या दारात उभी राहणार, सही घेतल्याशिवाय हलायचं नाही.

मागचा बाक रिकामा. वडगावची गाडी येऊन गेल्याचं मुलाणीमामा दोनदा येऊन सांगून गेले, मी विचारलं नव्हतं तरी.

दुपारी सु. ची मेल. आत फक्त फाइल. मजकूर काही नाही, वर 'मॅडम' म्हणूनसुद्धा नाही. उघडली. तीच लाल एसटी. बाणांनी चालते, स्पेसबारनं थांबते. आता चाकंही फिरतात, सुंदर केलंय.

एच दाबलं. काही झालं नाही.

कोड बघितला. ओळखीची नसलेली कळ वर पाठवायची ती ओळ तिनं काढून टाकलीय. माझ्या चौकोनाकडे आता काहीच येत नाही. नियमानं दोन गुण कापायला हवेत, तीनदा शिकवलंय मीच.

भीतीनं काढली असेल की रागानं? की पुन्हा कुणी काही म्हणू नये म्हणून नुसती खबरदारी? विचारायला फोन हातात घेतला आणि ठेवला. परत एकदा एच दाबून बघितलं. बस जिथं होती तिथंच.