वेल्डर आणि शिंप्याचा समेट

३ जून
पोलीस ठाण्याच्या साहेबांनी परवानगी दिली! गल्लीतल्या मारामाऱ्या यापुढे कोर्टात जाणार नाहीत, आमच्या समेट मंडळात येणार. मारणारा आणि मार खाणारा समोरासमोर. अध्यक्ष मी. जन्मभर शाळेत भांडणं मिटवली. मोठी माणसं म्हणजे दाढीवाली मुलंच. आमची ही म्हणाली, "मुलांना तर तुम्ही वर्गाबाहेर काढायचात." दुर्लक्ष केलं.

९ जून
पहिली केस. दारात स्कूटर लावली म्हणून वेल्डरने शेजारच्या शिंप्याला मारलं. उजवं मनगट मोडलं. शिंप्याला कोर्टच हवंय. पुष्कळ समजावलं. चपला झिजतील, म्हटलं. शेवटी त्याने होकारार्थी मान हलवली. दबाव अजिबात टाकला नाही.

१४ जून
बैठक. खुर्च्या गोल मांडल्या. शिंपीण मध्येच म्हणाली, "सर, तो ह्यांच्याकडे बघतोय कसा ते बघा ना." तिला गप्प केलं. वेल्डर ढसाढसा रडला, पाया पडला. माझ्या. पडायचं शिंप्याच्या होतं, पण भावनेच्या भरात दिशा चुकते.
निकाल: मनगट बरं होईपर्यंत शिंप्याच्या दुकानाचं शटर वेल्डरने रोज उघडायचं आणि लावायचं. कल्पना माझी. टाळ्या.

२० जून
शिंपीण घरी आली. वेल्डर शटर उघडताना शिव्या देतो. काल कात्री हातात घेऊन नुसता उभा राहिला. मी म्हटलं, राग बाहेर पडतोय, चांगलं लक्षण. आता पोलिसांत गेलात तर सगळं मुसळ केरात. चहा न घेताच गेली. लोकांना धीर म्हणून नाही.

२७ जून
आज वेल्डरने शटर लावलं. आतून. शिंपी आतच होता. लोकांनी शटर तोडेपर्यंत व्हायचं ते झालं. शिंप्याचा एक डोळा गेला. वेल्डरला पोलिसांनी नेलं. साहेब माझा फोन उचलत नाहीत.
एका अपवादाने पद्धत चुकीची ठरत नाही.
जेवलो नाही. हिने आग्रहही केला नाही.

२९ जून
हॉस्पिटलात गेलो. धीर द्यायला चार वाक्यं तयार ठेवली होती. शिंप्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी. "कसं वाटतंय?" विचारलं. आवाज ओळखला असावा, भिंतीकडे सरकला. शिंपीण मला दाराबाहेर घेऊन आली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "सर, परत येऊ नका. तुम्ही समजावायला लागलात की हे हो म्हणतात."
तयार वाक्यांतलं एकही आठवेना. जिन्यात बसून राहिलो.