फर्स्ट पीयूसी, सेकंड पीयूसी

१० एप्रिल, सकाळ
उत्तराचा सेकंड पीयूसीचा निकाल लागला. ८६ टक्के. बारावी संपली. पोरीला जीवशास्त्र शिकायला स्कॉटलंडला जायचंय. कागदपत्रांचं खातं मी माझ्याकडे घेतलं. एकतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं, टक्केवारी मला कोण शिकवणार? उत्तरा म्हणाली, अप्पा, फॉर्म माझा मी भरते. लहान आहे अजून.

१२ एप्रिल
विद्यापीठाची वेबसाइट वाचली. शिसारी आली. टक्के चालत नाहीत, अक्षरं लागतात. ८५ म्हणजे म्हणे ए, बी, बी. बी! बी मिळवणाऱ्या पोराच्या बापाला मी शाळेत बोलावून घ्यायचो. आणि ए च्या वर आणखी एक ए, त्याला चांदणी. हॉटेलच्या मेनूकार्डात तिखट पदार्थापुढे असते तशी.
संकल्प: सगळ्या बोर्डांचे गुण एकमेकांत बदलणारा एकच तक्ता करणे. आठ दिवसांत.

१५ एप्रिल
उणकलला मेव्हण्याकडे, सुधींद्रकडे गेलो. त्याची स्मृती बेंगळूरला कुठल्याशा इंटरनॅशनल बोर्डात आहे. तिलाही स्कॉटलंडच हवंय. परीक्षा व्हायचीय, पण शाळेनं अंदाजे गुण आधीच सांगून टाकलेत. ३८. परीक्षेआधी गुण! किळसवाणा प्रकार. तरी मन मोठं केलं. सुधींद्रला बाजूला घेऊन सांगितलं, पस्तीसला पास असतं, तीन जास्तच आहेत, पोरीला रागावू नकोस. तो बरं भावजी म्हणाला. त्याची बायको गोदावरी पदर तोंडाला लावून आत पळाली. आईचं काळीज.

१६ एप्रिल
विमला (म्हणजे आमची ही) म्हणते, ३८ हे पंचेचाळीसपैकी असतात, आणि गोदावरी आत हसायला गेली होती. पंचेचाळीस! शंभर हा चांगला आकडा सोडून हे कुणाला सुचलं? या लोकांचा मला उबग आलाय. चूक माझी नाही, बोर्डाची.

३ मे
तक्ता अजून व्हायचाय. उन्हाळा फार. पण मोठी कल्पना सुचली: व्हरांड्यात मार्गदर्शन केंद्र. आमचं सगळं देशपांडे नगर रांग लावील. बाबू पेंटरला पाटी सांगितली: 'येथे सर्व बोर्डांचे गुण बदलून मिळतील.' विमला म्हणाली, हे वाचून पोलीस येतील. तिला धंद्यातलं कळत नाही.

२० मे, सकाळी ११.४०
थोडक्यात वाचलो! फॉर्ममध्ये परीक्षेचं नाव लिहायचं होतं. 'सेकंड पीयूसी' लिहिलं आणि अंगावर काटा आला. सेकंड! स्कॉटलंडची बाई वाचणार, पोरगी सेकंड क्लास, आणि फॉर्म केराच्या टोपलीत. आपल्याकडे अकरावीला फर्स्ट आणि बारावीला सेकंड म्हणतात हे तिला कोण सांगणार? माझ्याऐवजी दुसरा कुणी असता तर पोरीचं वाटोळं झालं असतं. मी खोडून 'फर्स्ट पीयूसी' केलं. मार्क्स कार्डही फर्स्टचंच जोडलं. त्यात ९५ टक्के आहेत, ते वेगळंच.
पाठवण्याआधी मला दाखवा, असं उत्तरा अळणावरला मावशीकडे जाताना बजावून गेली होती. पण बारानंतर राहुकाळ. पाठवून दिला.

२१ मे
उत्तरा आली. फॉर्मचं विचारलं. म्हटलं, सगळं फर्स्ट क्लास झालं. यात खोटं काय?

१८ जून
स्कॉटलंडहून उत्तर नाही. आळशी लोक. पाटी लागली. 'गुण' चं 'गूण' केलंय बाबूनं. पहिलं गिऱ्हाईक आलं. अमरगोळचे कुणी गृहस्थ, मुलाच्या ४२ चे ७० करून मिळतील का विचारत होते. हाकलून दिलं. समाज इतका सडलाय याची कल्पना नव्हती.
तक्ता: दोन रकाने झाले.

९ जुलै
मेल आली. लिहितात, अर्जदार मुलगी फक्त अकरावी झालेली दिसते, शाळेचं शेवटचं वर्ष पूर्ण करून मग अर्ज करावा.
उत्तरानं लगेच फोन लावला, सेकंडचं मार्क्स कार्ड पाठवलं. तिकडची बाई फार हळहळली म्हणे. पण यंदाच्या जागा भरल्या. पुढच्या वर्षी बघा.
फोन ठेवून उत्तरानं दोन्ही मार्क्स कार्डं फाइलमध्ये लावली. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. मी समजावू लागलो की यात आपल्या सरकारचीही चूक आहे, बारावीला सेकंड म्हणायचंच कशाला? विमला कन्नडवर आली. रागावली की येते. सुम्न कुंद्रि, म्हणाली. गप्प बसा.
संध्याकाळी सुधींद्रनं पेढे पाठवले. स्मृतीची जागा पक्की झाली. मी पेढ्याला हात लावला नाही. एकच खाल्ला.

२७ जुलै
धारवाडला बी.एस्सी.च्या अ‍ॅडमिशनला गेलो. काउंटरवरचा फॉर्म हातात धरायला लाज वाटावी इतक्या घाणेरड्या कागदावर. 'शेवटची उत्तीर्ण परीक्षा' असा रकाना आला. मी सवयीनं पेनाचं टोपण काढलं. उत्तरानं पेन माझ्या हातातून अलगद काढून घेतलं आणि म्हणाली, अप्पा, तुम्ही बाहेर बसा. रागानं नाही. वर्गात मी ढ पोराशी बोलायचो तशी.
दारातून दिसत होतं. तिनं सेकंड पीयूसी लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.
बाहेर बाकावर पाऊण तास बसलो. शेजारच्यानं विचारलं, मुलगी कितवीला? फर्स्ट इयर म्हणताना जीभ अडखळली. एव्हाना तिचं विमानाचं तिकीट निघायला हवं होतं. ती माझ्यामुळे इथं आहे. सरकारमुळे नाही.
घरी आल्यावर पाटी काढली. पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून बरोबर बसते. पेन उत्तराकडेच राहिलं. मी मागितलं नाही.