लिंकांसोबत गेलेले शब्द

३ नोव्हें., सौंसर
बाबांचं सोशल मीडियावरचं खातं बंद केलं तेव्हा उतरवून ठेवलेली त्यांच्या पोस्टची फाइल आज उघडली. चार वर्षं रोज सकाळी एक वऱ्हाडी शब्द नि त्याचा अर्थ. आधी कुठल्यातरी भजनाची लिंक. ‘लोकं पयले गाणं पाहतेत, मंग वाचतेत,’ म्हणायचे. लकव्यानंतर ‘हो’ सोडून काही बोलता येत नाही त्यांना, लिहिताही नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत पुस्तक व्हायला हवं. लिंका आपोआप काढायला कॉम्प्युटरला पॅटर्न लिहून दिला: http पासून पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत असेल ते उडव. कॉलेजात पोरींना हाच शिकवते.

४ नोव्हें.
मूर्ख मी. शुद्ध मूर्ख.
बाबा लिंकनंतर जागा सोडतच नव्हते. लिंकला चिकटून ‘टोंगळा’, मग ‘म्हणजे गुडघा’. पॅटर्नने टोंगळाही लिंकच धरला. उरलं नुसतं ‘म्हणजे गुडघा’. पानंच्या पानं अशी. आयुष्यभर पोरांना दोन शब्दांमधे बोट ठेवायला लावणारा मास्तर! आणि मी मूळ फाइलवरच सेव्ह केलं. वर्गात घसा फोडून सांगते, आधी कॉपी करा.
आई : काहून व, जेवत नाही?
डोकं दुखतं म्हटलं.

५ नोव्हें.
खातं परत मिळत नाही. मुदत उलटून महिने झाले. बाबांचा फोन मीच पुसून आईला दिला होता. किती हुशारी.

८ नोव्हें.
गाळलेल्या जागा भरते आहे. टोंगळा. भेदरं म्हणजे टोमॅटो. उलसा म्हणजे थोडासा. सगळे मला येणारेच. मला येणाऱ्या शब्दांचं पुस्तक कोणाला हवंय?
‘म्हणजे तोडणीनंतर झाडावर नजरचुकीनं राहिलेलं एकच संत्रं.’
याला काय म्हणत असतील? आई म्हणते, ‘संत्रंच म्हनतेत, अजून काय.’

११ नोव्हें.
गेलेले शब्द कोणाला आठवतात का बघायला पांढुर्ण्याला जाऊन आले. तिडके काका, बाबांच्या शाळेतले. रोजच्या पोस्टला पहिला अंगठा यांचाच असायचा.
‘आता खोटं काहून बोलू पोरी, म्या नुसता अंगठा दाबत होतो. वाचत कोन होतं?’
चहा पाजला. परतीच्या बसमधे रडले. शेजारची बाई खिडकीतून बाहेर बघत राहिली.

१४ नोव्हें.
बाबा हाताने पान उलटल्यासारखं करतात. पुस्तक कुठवर आलं? ‘होऊन राहिलं बाबा,’ म्हणते. खोटं बोलायचीही सवय होते.

१६ नोव्हें.
राहवलं नाही. त्यांच्यासमोर वाचलं, राहिलेल्या संत्र्याचं.
हसले! अर्ध्या तोंडाने, पण हसले. शब्द आठवलाय त्यांना, माझी खात्री आहे. ओठ हलले, गळ्याची शीर ताठ झाली. निघालं ते ‘हो’.
म्हटलं, बाबा, पहिलं अक्षर तरी. ‘क’ आहे का?
हो.
‘ख’?
हो.
‘ग’?
हो.
‘ज्ञ’पर्यंत गेलो आम्ही. सगळ्याला हो.