मध्यंतरातलं पान

प्रिय दादास,
तुझ्या पदवीधर बहिणीचा नमस्कार. मी मजेत आहे आणि वेळेवर जेवते, असं आईला सांग. वहिनीचा खोकला थांबला का?

तुला मात्र खरं सांगते, माझा नुसता जळफळाट होतोय. मी वर्गात कादंबरी शिकवते तेव्हा मुली जांभया देतात. खेळाच्या बाई फुटबॉलच्या मध्यंतरात तीच कादंबरी काढतात, एकच पान वाचतात आणि ऐन रंगात पुस्तक मिटतात. पुढचं पान ऐकायला म्हणून एकही मुलगी सरावाला दांडी मारत नाही.

काल तावातावाने मैदानावर गेले. म्हटलं, "बाई, हे माझं काम आहे."

"मग करा ना. पण आमच्यात जो खेळतो तोच वाचतो."

बाह्या सरसावून गोलात उभी राहिले. गोलामागून गोल खाल्ले, मुली पोट धरून हसल्या. मध्यंतरात धापा टाकत वाचायला लागले, तर सगळ्या चिडीचूप. पान संपलं तरी मला थांबवेना. शेवटी बाईंनीच पुस्तक हातातून काढून घेतलं.

आता मुली म्हणतायत, गोलकीपर बदला. लहानपणी तू मला कधी खेळायला घेतलं नाहीस, त्याची भरपाई कर. गोल कसा अडवतात ते उलटटपाली कळव. गुडघा फुटलाय, ते आईला सांगू नकोस.

तुझीच,
धाकटी