सांगायचं माप

३ मार्च
सकाळपासून तीनदा घामाने भिजले. पंखा सुरू, पंखा बंद – नुसता खेळ! पाळी जाऊन दीड वर्ष झालं, आता तरी सुटका होईल म्हटलं होतं. बोटं इतकी सुजलीत की कात्रीच्या कडीत अंगठा जाईना. नर्सबायकांचे आठ गणवेश बेतायचे पडलेत. ह्यांनी विचारलं, "काय होतंय?" सांगायचाही कंटाळा आला. उद्या दवाखान्यात जायचं कबूल केलं.

४ मार्च
डॉक्टरीणबाईंनी पोटाला टेप लावली. मला – टेप! अडतीस इंच. सवयीने तोंडून गेलं, "छत्तीस लिहा." बाई हसल्या. मी नाही.

उपाशीपोटी रक्त दिलं.

७ मार्च
रिपोर्ट आले. बाई म्हणाल्या, पाच गोष्टी बघतात, त्यातल्या तीन बिघडल्या तरी काळजी. माझ्या चार! कंबर, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी. वर सूज दाखवणारा आकडाही जास्त. मी म्हटलं, बोटांची ना? "बोटांची नाही हो, आतली. पाळी असते तोवर शरीराला थोडा आधार असतो. तो गेला की चरबी पोटाभोवती जमते, आणि ती नुसती पडून राहत नाही, आत बारीक सूज चालू ठेवते. हृदयापर्यंत जातं हे." गोळ्या, चालणं, गोड बंद.

निघताना म्हणाल्या, घरात पन्नाशीपुढची अजून कुणी असेल तर घेऊन या.

आहेत ना. थोरल्या जाऊबाई.

८ मार्च
चालले. वीस मिनिटं. जीव गेला.

१२ मार्च
जाऊबाईंकडे विषय काढला. जिना चढला की दम लागतो, सारखी तहान लागते, पायाला मुंग्या येतात – सगळं त्यांनीच सांगितलं. पण दवाखाना? छे! "मला काय धाड भरलीय? सात वर्षं चौतीस कंबर, तूच तर माप घेतेस. तुझ्यासारखी सुटलेय का मी?"

घरी येऊन मापांची वही काढली.

शिवण शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं – गिऱ्हाइकाला दोन इंच कमी सांगायचं, कापड खऱ्या मापाने बेतायचं. गिऱ्हाईक खूश, कपडाही नीट बसतो. तेव्हापासून माझ्या वहीत दोन रकाने: सांगायचं आणि बेतायचं. आज जाऊबाईंचं पान काढलं. सांगायचं – चौतीस, चौतीस, चौतीस. बेतायचं – पाळी होती तोवर छत्तीस. गेल्यावर सदतीस, एकोणचाळीस, आता एक्केचाळीस. दोन इंचांचे सात इंच कधी झाले, मलाही कळलं नाही. दर वेळी वाटायचं, एवढ्याशाने कशाला त्यांचा चेहरा उतरवायचा!

उद्या सांगून टाकते.

१३ मार्च
गेले होते. दारातच मी शिवलेला नवा झगा घालून उभ्या. "बघ, अजून चौतीसचाच बसतो!" गोल फिरून दाखवलं. फिरतानासुद्धा धाप लागली त्यांना. मी म्हटलं, छान दिसतोय. आणि परत आले.

भित्री कुठली. स्वतःचाच राग येतोय.

१७ मार्च
गणवेश संपले एकदाचे. गोळीने पोट ढवळतं. आज जाऊबाईंकडे जायला जमलं नाही. रविवारी नक्की जाईन, ह्यांनाही सोबत नेईन.

२० मार्च
छातीत कळ आली म्हणून जाऊबाईंना काल दुपारी इस्पितळात आणलं. साखर तीनशेच्या वर. शुद्धीवर आहेत. मोठे डॉक्टर जरा वैतागूनच म्हणाले, "पोट एवढं वाढेपर्यंत लक्षात कसं आलं नाही?" जाऊबाईंनी उशीवरून मान उचलली. "वाढलं कुठे? हिला विचारा ना. हीच घेते माझं माप."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

"एक्केचाळीस," मी म्हटलं.

जाऊबाईंनी मान पुन्हा उशीवर टेकली. मग हळूच म्हणाल्या, "कधीपासून गं?"