नऊ धूसर चित्रं

दि. ४ मार्च

चि. दीडशहाण्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तू बनवलेलं यंत्र आमच्या एक्स-रे विभागात येऊन दहा दिवस झाले. साध्या एक्स-रेत हाडं दिसतात, तुझ्या यंत्रात म्हणे स्तनातल्या मऊ गाठीही स्वच्छ उमटतात. उमटतात कसल्या! आठ बायका तपासल्या, आठही चित्रं धूसर. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दहांत एक तरी नीट आलं नाही तर यंत्र परत पाठवायचं.

मी बावीस वर्षं इथे फिल्म काढते, पण आईने कधी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या यंत्राचं मात्र अख्ख्या गल्लीला सांगून झालं. माझा जळफळाट होतो, लपवून काय करू?

लोभ ठेव, मला जमेल तसा मीही ठेवते.

दि. ११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

दहावं चित्र आलं! गाठीची कड न् कड दिसतेय. यंत्रातली किरणं गाळणारी जाळी बदलली, तिचाच हा गुण. आईने विचारलं, ताईने काही मदत केली का. मी म्हटलं, बटण दाबलं असेल. थट्टा हं, फुगू नकोस.

लोभ आहेच, वाढला तर बरं.

दि. १४ मार्च

चि. भावास आशीर्वाद.

जाळीचं कौतुक पुरे. श्वास धरा म्हणून सांगणारा जो आवाज तू यंत्रात भरलास, तो ऐकून बायका छाती फुगवतात आणि वीस सेकंदांत थरथरायला लागतात. श्वास सावकाश सोडायला लावायचा आणि मगच धरायला सांगायचं. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तू तोंडावर पडावंस म्हणून नऊ वेळा मी काचेमागे गप्प बसले. दहावी बाई घाबरून रडायला लागली, तेव्हा तुझा आवाज बंद केला आणि मी स्वतः बोलले.

त्या नऊ जणींना मीच परत बोलावते. लोभ मागायचं तोंड नाही.

दि. १८ मार्च

ती. ताईस सा. न.

दोन दिवस संतापाने पेन धरवेना. मग जुनी आणि नवी, दोन्ही जाळ्या तपासल्या, फरक शून्य. सात वर्षं मी डोकं फोडलं आणि तुला ते दोन वाक्यांत जमलं. आज मला तुझा हेवा वाटला. यंत्राच्या चाचणीच्या अहवालात आता तुझी रीत लिहिली आहे. खाली माझ्यासोबत तुझी सही हवी.

तुझा धाकटा.

दि. २२ मार्च

चि. भावास आशीर्वाद.

आठ जणी आल्या, आठही चित्रं स्वच्छ आहेत. त्या नऊ जणींतल्या तिसऱ्या बाईंचं ऑपरेशन मात्र मंगळवारीच होऊन गेलं. चित्रात काही कळेना, म्हणून डॉक्टरांनी धोका नको म्हणत स्तन काढला. गाठ साधी निघाली, कॅन्सरची नव्हतीच.

अहवालावर सही तू एकट्यानेच कर.

ताई